राउटर लावल्यानंतर

टायपिस्टबाई माझ्या समोरच्या दारात राहायला आली, तेव्हा तिचं सगळं सामान टेम्पोच्या एका कोपऱ्यात मावलं होतं. टेबल, गादी, कपड्यांच्या बॅगा आणि एक चांगली उंच पाठीची खुर्ची. ती खुर्ची मात्र तिने हमालाला उचलू दिली नाही. स्वतःच कवटाळून जिना चढली. मी दारातून बघत होते. म्हटलं, बाई जरा चक्रमच दिसते. नंतर कळलं की त्या खुर्चीत बसूनच तिचं पोट चालायचं.

एका मोठ्या हॉस्पिटलचं टायपिंग ती घरी बसून करायची. डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची हकीकत रेकॉर्ड करून ठेवतात. ती रेकॉर्डिंगं हिच्याकडे यायची, आणि कानाला हेडफोन लावून ही ती लॅपटॉपवर उतरवायची. डॉक्टर चहा पिता पिता बोलतात, शब्द खातात, मध्येच नर्सवर डाफरतात. त्यातून औषध आणि त्याचं प्रमाण नेमकं वेचायचं म्हणजे डोकेफोडीच. पण तिला ते काम आवडायचं. कधी तिचे डोळे लाल दिसले की मी विचारायचे, "काय ग, आज काय ऐकलंस?"

"मावशी, ते सोडून काहीही विचारा," ती म्हणायची. पेशंटचं अवाक्षर तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. मी पडदे शिवते. लोकांच्या घरात जाते, मापं घेते, आणि दोन घरच्या गोष्टी तिसऱ्या घरी बोलल्याशिवाय मला राहवत नाही. त्यामुळे तिच्या या गुणाचं मला फार नवल वाटायचं.

ती नवऱ्याला सोडून आली होती. मारहाण नव्हती, दारू नव्हती, बाहेरची भानगड नव्हती. लोकांना सांगण्यासारखं ठोस असं काहीच नव्हतं, आणि तीच तिची पंचाईत होती. नवऱ्याला फक्त सगळं कळायला हवं असायचं. आंघोळीला इतका वेळ का लागला, दुकानदाराशी काय बोलत होतीस, फोनवर हसलीस ती कोणाशी. आवाज कधी चढवायचा नाही. जेवताना, समजावल्यासारखं, हळू आवाजात विचारत राहायचा. शेवटी शेवटी तिला घरात खिडकी उघडतानाही वाटायचं की आता कारण सांगावं लागेल.

ती निघाली तेव्हा तिचा लॅपटॉप त्याच्याकडेच राहिला होता, कारण त्याची काही बटणं दाबली जात नव्हती आणि त्याने तो दुरुस्तीला घेतला होता. त्याने तो एका माणसाबरोबर पाठवून दिला. बटणं नवी, पडदा पुसून लख्ख, वर नवी बॅग. तिला अगदी भरून आलं. तिची धाकटी बहीण फोनवर म्हणाली, "बघ ताई, भाऊजी अगदीच वाईट नाहीत ग." हे वाक्य तिच्या मनात कुठेतरी रुतून बसलं, आणि पुढे त्याने घात केला.

धाकटी दुसऱ्या शहरात होती. दोघींना आई नव्हती, वडील असून नसल्यासारखे. एकमेकींना त्या रोज लिहायच्या. टायपिस्टबाई काम संपलं की लॅपटॉपवरूनच पानभर मजकूर पाठवायची; धाकटीकडून तसंच पानभर उत्तर यायचं.

पहिल्यांदा काय झालं, तर नवऱ्याचा फोन आला. तो अधूनमधून करायचा, ही एकदोन वाक्यं बोलून ठेवून द्यायची. त्या दिवशी तो म्हणाला, "पाठीला तो पट्टा घेऊ नकोस. त्याने काही होत नाही, उलट सवय लागते. थोडं चालत जा."

 पाठ दुखते हे ती कोणाला बोलली नव्हती. पट्टा घ्यायचा विचार तिने फक्त धाकटीला लिहिला होता, तोही आदल्या दिवशी.

तिने हे मला येऊन सांगितलं. मी म्हटलं, "अग, अंदाजाने बोलला असेल. दिवसभर बसून काम करणाऱ्या माणसाची पाठ दुखणारच."

"पट्ट्याचा अंदाज, मावशी?"

लॅपटॉपवर लिहिलेलं दुसऱ्याला कसं कळतं, ते मला समजेना. माझं आणि यंत्रांचं तसंही जमत नाही. टीव्हीचा रिमोटसुद्धा मला जुमानत नाही. तिनेच मग विचार केला, की तो इंटरनेटवरून आपल्या कॉम्प्युटरमध्ये शिरत असणार. तोवर ती घरमालकाचं जुनं कनेक्शन वापरायची, त्याचा पासवर्ड अख्ख्या जिन्याला तोंडपाठ होता. तिने स्वतःचं कनेक्शन घेतलं आणि दुकानात सांगितलं, सगळ्यात सुरक्षित राउटर द्या.

तो बसवायला जो माणूस आला तो भलताच बोलका होता. भिंतीला भोक पाडता पाडता त्याचं चालू होतं. मी तिथेच होते.

"ताई, याच्यात फायरवॉल आहे. बाहेरून कोणी कितीही धडका मारू द्या, हा दार उघडणार नाही."

"व्हायरस?"

"अडवतो."

"आणि कोणी आपलं वाचत असेल, लपून, तर? स्पायवेअर म्हणतात ते?"

"अहो, एकदा हा डबा लागला की मुंगी शिरायची नाही. बिनधास्त राहा."

तो माणूस लबाड नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याने पासवर्ड लांबलचक ठेवायला लावला आणि तो मोबाइलवर ठेवू नका, असंही बजावलं. तो गेल्यावर ती त्या डब्याच्या हिरव्या दिव्यांकडे बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "आज किती दिवसांनी मोकळं वाटतंय." आम्ही चहा केला. त्या काळात ती जिन्यात गुणगुणायलाही लागली होती.

तिचं पुढचं ठरलेलं होतं. ही जागा दमट होती आणि मुख्य म्हणजे नवऱ्याला ठाऊक होती. तिला हॉस्पिटलच्या जवळ खोली हवी होती. एक जाहिरात पाहिली, मालकिणीशी बोलली, आणि धाकटीला लिहिलं: शनिवारी सकाळी बघायला जातेय, कोणाला सांगू नकोस.

शनिवारी ती खोली बघायला गेली. खोली छान होती. पूर्वेला खिडकी, स्वयंपाकाचा ओटा स्वच्छ. मालकीणबाई तिला नळ सोडून दाखवत होती. टायपिस्टबाईने सहज खिडकीतून खाली पाहिलं, तर समोरच्या फुटपाथवर नवरा उभा. गाडीला टेकून, हाताची घडी घालून. तिने पाहिलं हे त्याने पाहिलं, आणि ओळखीच्या माणसाला करावा तसा हात वर केला. बस्स, एवढंच. मग गाडीत बसून निघून गेला.

ती घरी आली ती थेट माझ्याकडे. पाणी प्यायली, काय झालं ते सांगितलं. आणि जरा सावरल्यावर तिने जे केलं ते मी थांबवायला हवं होतं, पण मलाही तेव्हा धाकटीचाच संशय येत होता. तिने माझ्यासमोर धाकटीला फोन लावला.

"तू त्याला का सांगितलंस?"

पलीकडून काय उत्तर येतंय ते मला ऐकू येत होतं. धाकटीचा आवाज मोठा होता. "काय सांगितलं? कोणाला?"

"खोलीचं. आणि त्या आधी पट्ट्याचं. भाऊजी वाईट नाहीत म्हणे! तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं."

"ताई, मी त्यांच्याशी बोलतसुद्धा नाही."

"मग दुसरं कोण? मी राउटर बसवलाय. बाहेरचं कोणी आत येऊ शकत नाही. राहिलं कोण? तूच ना?"

 धाकटी म्हणाली, "म्हणजे त्या डब्यावर तुझा विश्वास आहे, आणि माझ्यावर नाही."

"नाही," टायपिस्टबाई म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्यानंतर पानं येणं बंद झालं. त्या खोलीचा विचार हिने सोडून दिला. बाहेर जाणं कमी केलं. माझ्याकडे यायची तीही दोन शब्द बोलून परत. मला वाटायचं, माझ्यावरही संशय घेते की काय! एकदा मी तिला सरळ विचारलं, तर म्हणाली, "मावशी, मला आता स्वतःच्या सावलीचाही भरवसा वाटत नाही." आणि नेमक्या या दिवसांत नवऱ्याचे फोन वाढले. आवाज मऊ, काळजीचा. "एकटी पडली आहेस ग. धाकटीशीही बोलत नाहीस वाटतं." तिला क्षणभर वाटायचंसुद्धा, की आपल्याला समजून घेणारं हे एकच माणूस उरलंय. हे तिने मला फार पुढे सांगितलं, आणि सांगताना तिला स्वतःचीच किळस आली होती.

गाठ सुटली ती त्याच्याच तोंडून. त्या सकाळी तिने एका भाजलेल्या बाईची नोंद टाइप केली होती. तान्ह्या बाळाची आई. जगण्याची आशा फार नव्हती. टाइप करता करता टायपिस्टबाईला दोनदा उठावं लागलं. दुपारी नवऱ्याचा फोन आला, आणि समजावणीच्या सुरात तो म्हणाला, "सोड हे काम. असलं ऐकून ऐकून तब्येत बिघडेल तुझी. भाजलेल्या बायका काय, त्यांची तान्ही पोरं काय. कशाला जिवाला घोर?"

तिने फोन ठेवला.  भाजलेल्या बाईबद्दल धाकटीला लिहिलेलं नव्हतं. मला सांगितलेलं नव्हतं. ते शब्द डॉक्टरच्या तोंडून तिच्या कानात आले होते आणि तिच्या बोटांतून त्या लॅपटॉपमध्ये गेले होते. तिसरी जागाच नव्हती.

ती माझ्या दारात आली ती लॅपटॉप हातात धरून, अंगापासून लांब, एखादं विंचवाचं भांडं धरावं तसा. "मावशी, चला माझ्याबरोबर. हा इथे आहे. यात आहे तो."

बाजाराच्या मागे कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक दुकान आहे. ते एक तरुण बाई चालवते. केस बारीक कापलेले, कपाळावर भिंग बांधलेलं. तिने आमचं सगळं ऐकून घेतलं, इंटरनेट जोडू दिलं नाही, आणि लॅपटॉप उघडून बराच वेळ खाली मान घालून बसली. मी तिच्या भिंतीवरच्या वायरी बघत होते. शेवटी ती म्हणाली, "आहे. तुम्ही टाइप करता ते प्रत्येक अक्षर टिपून घेतंय. पडद्याचे फोटोही. आणि बाहेर पाठवतंय."

"पण मी राउटर लावलाय. सगळ्यात चांगला," टायपिस्टबाई म्हणाली. रडवेली झाली होती. "तो म्हणाला होता, मुंगी शिरणार नाही."

दुरुस्तीवाली हसली नाही, हे मला तिचं आवडलं. "राउटर म्हणजे सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन समजा. अनोळखी माणूस आगंतुकासारखा आला तर तो हटकतो, आणि ते काम तो चांगलंच करतो. काही राउटर बदनाम साइट्सही अडवतात. पण जो आधीच तुमच्या घरात राहतोय त्याला तो कसा ओळखणार? आतून पिशवी घेऊन कोणी बाहेर पडलं, तर त्याला वाटतं घरातलंच माणूस आहे. तो जाऊ देतो."

"म्हणजे राउटर काढून टाकू?"

"छे, राहू दे की. त्याचं काम वेगळं. कॉम्प्युटरच्या आतली राखण वेगळी. मेलमधून काही उघडलंत, कोणाचा पेनड्राइव्ह लावलात, किंवा मशीनच कोणाच्या हातात दिलंत, तर फाटकावरचा वॉचमन काय करणार?" ती पुन्हा पडद्याकडे वळली. "हे कोणीतरी हाताने बसवलंय. आणि तुमची आतली राखण, अँटिव्हायरस, त्याने मुद्दाम याच्यापुरती बंद करून ठेवलीय. हा लॅपटॉप मध्यंतरी कोणाकडे दुरुस्तीला होता का?"

 टायपिस्टबाईने नव्या बटणांवरून बोट फिरवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"पुसून टाकू नका," दुरुस्तीवाली म्हणाली. "पोलिसात जायचं असेल तर आहे तसाच ठेवायला लागेल. आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. यावरून एकही नाही."

परत येताना मला वाटलं होतं, ती धाकटीला फोन करेल. ती म्हणाली, "आधी हॉस्पिटल."

मी रस्त्यातच थांबले. "वेडी आहेस का? हॉस्पिटलला कशाला सांगतेस? प्रोग्राम सापडला, आता नवा लॅपटॉप घे, काम कर. कोणाला कळणार आहे? हातचं काम घालवशील."

"मावशी, त्या बाईचं सगळं त्याने वाचलंय. तिचंच नाही, इतके महिने मी टाइप केलं त्या प्रत्येकाचं. कोणाला काय रोग आहे, कोणाचा गर्भ पडला, कोणी विष घेतलं होतं. मला एका माणसाने उघडं पाडलं तर माझी ही गत झाली. त्यांना तर माहीतही नाही."

 तिला अडवायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

हॉस्पिटलमधल्या तिच्या हेडबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, तिला पाणी दिलं, आणि काम त्याच दिवसापासून थांबवलं. "तुमची चूक नाही हे मला दिसतंय," त्या म्हणाल्या, "पण माझ्या हातात नाही." चौकशी बसली. ज्यांच्या नोंदी त्या लॅपटॉपवरून गेल्या होत्या त्या सगळ्यांना हॉस्पिटलला कळवावं लागलं. त्यातले काही जण तावातावाने येऊन भांडले, आणि एकदा तर ही तिथे जबाब द्यायला गेलेली असताना एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिच्यासमोरच विचारलं, "ती टायपिस्ट कोण? तिला शरम कशी नाही?" त्यांना ठाऊक नव्हतं की ती शेजारच्याच बाकावर बसली आहे. ती उठून म्हणाली, "मीच ती." गृहस्थ गांगरले.  भाजलेली बाई त्याआधीच गेली होती, हे तिला त्याच दिवशी कळलं.

नवऱ्याविरुद्ध तक्रार झाली. लॅपटॉप जप्त होऊन तपासणीला गेला. त्याने सांगितलं, लॅपटॉप मी विकत घेतलेला आहे, बायकोची काळजी वाटत होती म्हणून लक्ष ठेवलं, यात गैर काय? चांगले शिकलेले लोकही मला म्हणाले, नवराच ना शेवटी, परका थोडाच! असं म्हणणाऱ्या एकीचे पडदे मी अर्धवट टाकून निघून आले, तेव्हापासून तिकडचं गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. प्रकरण अजून चालू आहे. तारखा पडतात, पुढे जातात.

धाकटीकडे ती स्वतः गेली. फोन नाही, लिहिणं नाही. सरळ बसमध्ये बसली आणि तिच्या दारात जाऊन उभी राहिली. तिने सगळं सांगितलं, माफी मागितली. धाकटीने आत घेतलं, जेवायला वाढलं, अंथरूण घातलं. रागावली नाही. पण सकाळी भांडी घासता घासता, पाठमोरीच म्हणाली, "ताई, तू आलीस ते फार बरं केलंस. पण 'राहिलं कोण, तूच ना' असं म्हणाली होतीस ना, ते अजून मला ऐकू येतं. जाईल हळूहळू. लगेच जाईल असं नाही सांगत."

 टायपिस्टबाईने फडकं घेतलं आणि भांडी पुसायला लागली.

चौकशीत टायपिस्टबाईवर ठपका आला नाही, पण घरून करायचं काम हॉस्पिटलने सगळ्यांचंच बंद केलं. हेडबाईंनी तिला हॉस्पिटलच्या आतच, रेकॉर्डरूमच्या शेजारी एक जागा दिली. तळघरातली खोली, वर जाळीची खिडकी, त्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांची फक्त पावलं दिसतात. मशीन हॉस्पिटलचं, कुलूप हॉस्पिटलचं. ती जाते. पण तिचा वेग पूर्वीसारखा राहिला नाही. एखादं नाव, एखादं वय टाइप करताना बोटं मध्येच थांबतात म्हणाली. कोणीतरी खांद्यावरून बघतंय असं वाटतं, आणि मागे वळून पाहिलं की भिंत असते.

गेल्या महिन्यात तिने जागा बदलली. सामान हलवायला धाकटी आली होती. दोघी फारसं बोलत नव्हत्या. हे इकडे ठेव, ते तिकडे सरकव, एवढंच. मी पडद्यांची मापं घ्यायला गेले होते. शेवटची पेटी वर आली आणि आम्ही तिघी जमिनीवरच टेकलो. धाकटीने घाम पुसला आणि एकदम म्हणाली, "ताई, तुला एक सांगायचं राहिलंय. तू माझ्याशी बोलणं टाकलंस ना, तेव्हा भाऊजींनी मला फोन केला होता. बरेचदा. म्हणायचे, ताईचं डोकं ठिकाणावर नाही, तू तरी तिच्यापासून लांब राहा."

टायपिस्टबाईने विचारलं, "मग?"

"मग काय? मी लांब राहिले. मला खरं वाटलं ग."

 खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं, ती काही केल्या सुरू होत नव्हती. थोड्या वेळाने टायपिस्टबाई सरकून धाकटीच्या शेजारी बसली, तिच्या खांद्याला खांदा लावून, आणि मला म्हणाली, "मावशी, पडदे जाड कापडाचे करा. बाहेरचं काही दिसलं नाही तरी चालेल."

धाकटी म्हणाली, "जाड नको. उजेड येऊ दे." आणि कोणतं कापड घ्यायचं यावर त्यांचं अजून चालूच होतं, तेव्हा मी टेप गुंडाळून उठले.